पहिले पन्नास मैल

ट्विलाने कॉफीचे दोन कप आणि करंजीची तेलकट पुडी गाडीच्या पायरीवर ठेवली, हातमोजे चढवले आणि पहिल्या साखळीच्या रॅचेटचा, म्हणजे साखळी आवळायच्या दातेरी कळीचा, दांडा खाली ओढला. दांडा जागचा हलला नाही. पाय रोवून तिने पुन्हा ओढला, तरी खटका वाजला नाही. मग दुसरी साखळी, तिसरी, असं करत ती ट्रेलरला पूर्ण फेरी घालून आली. जाड पोलादी पत्र्यांची वीस टनांची थप्पी आणि तिच्यावरून आवळलेल्या आठ साखळ्या. सकाळी डेकेटरच्या यार्डात जशा आवळल्या होत्या तशाच त्या होत्या.

"आठही घट्ट," केबिनच्या खिडकीखाली उभी राहून ती म्हणाली.

आत हॉइट सॅटरफील्ड पेपर वाचत होता. पेपर खाली न करताच त्याने विचारलं,

"एकही खटका नाही?"

"एकही नाही, मिस्टर हॉइट."

"हं."

हॉइटचा हा "हं" एकोणतीस वर्षांचा होता. तेवढी वर्षं त्याने उघडी गाडी ओढली होती. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत, नुसती चाकांवरची फळी. कंपनीच्या कागदावर तिला फ्लॅटबेड म्हणत, ड्रायव्हर नुसतं उघडी म्हणत. या गाडीत माल भरून निघालं की पहिल्या पन्नास मैलांच्या आत कुठेतरी थांबून सगळ्या साखळ्या पुन्हा तपासायच्या, हा नियम. हॉइटने त्यासाठी पेंट रॉकची जागा ठरवून टाकलेली होती. तिथे मॉझेलबाईंचं पेट्रोल, कॉफी आणि तळणीचं दुकान होतं. आधी कॉफी, मग साखळ्या, हा क्रमही त्याचाच. "माझी काळी. आणि एक पीचची करंजी, गरम तळून," असं सांगून तो तिला आत पाठवायचा. नऊ आठवड्यांत त्यात बदल झाला नव्हता.

शेजारच्या जागेत लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेली एक उघडी उभी होती. तिचा ड्रायव्हर, टेनेसीकडचा एक ढेरपोट्या माणूस, आपले पट्टे आवळता आवळता थांबला.

"काय म्हणालात मॅडम? एकही नाही?"

"नऊ आठवड्यांत एकदाही नाही," ट्विला म्हणाली. सांगायची गरज नव्हती, पण कौतुक पोटात राहत नाही.

"नऊ आठवड्यांत!" त्या माणसाने टोपी मागे सरकवली. "मॅडम, मी एकवीस वर्षं ओढतोय. पन्नास मैलांत माझी सासूसुद्धा जराशी सैल पडते. माल हादरतो, बसतो, साखळी थोडी ढिली होणारच. तुम्ही काय कोंबडीची पिसं भरता?"

ट्विला हसली. तोही हसला. हॉइट मात्र हसला नाही. त्याने खिडकीची काच वर केली आणि आतूनच हाताने खूण केली, की कॉफी निवतेय, चल.

गाडी ट्विलाच चालवत होती. हॉइटने करंजीची पुडी नेहमीप्रमाणे दाराच्या कप्प्यात सरकवली. "नंतर खातो," हेही नेहमीचंच. चटॅनूगाच्या कारखान्याच्या गेटवर एक गुटगुटीत पहारेकरी होता. हॉइटची गाडी दिसली की तो कागदांआधी करंजीसाठी हात पुढे करायचा, आणि हॉइट मुकाट्याने देऊन टाकायचा. म्हातारा वरून कितीही खडूस असला तरी आतून मऊ आहे, असा ट्विलाने त्याचा अर्थ लावला होता.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सांगायचंय त्यांना," ती म्हणाली.

"चटॅनूगाचे बारा की आपले?"

"त्यांचे."

"म्हणजे आपले अकरा. तेवढं लक्षात ठेव. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ तासभर पुढे जातं. भलेभले फसलेत."

त्यांना म्हणजे डब्याच्या कंपनीला. चारी बाजूंनी बंद, मागे दार, दाराला सील, अशा गाडीला ड्रायव्हर डबा म्हणतात. कागदावर ती ड्राय व्हॅन. ट्विलाला तिथून पत्र आलं होतं. साखळ्या नाहीत, ताडपत्री नाही, दर शनिवारी घरी. पैसे उघडीत जरासे जास्त, पण त्यासाठी अंगाची चिपाडं करून घ्यायची. तिच्या नवऱ्याने, लीलंडने, पत्र वाचून लगेच निकाल दिला होता. "डबा घे. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखळ्या फेकायला तू काय सर्कशीत आहेस?"

तो बोलला ते खोटं नव्हतं. फोर्ट पेनच्या मोज्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने जोड्या तपासण्याचं काम केलं होतं. कारखाना बंद झाला तेव्हा तिच्या हाताला मोज्याहून जड काही उचलायची सवय नव्हती.

"सोमवारी त्यांच्या ड्रायव्हरबरोबर दिवसभर बसले ना मी," ती म्हणाली. "गोदामाच्या दाराशी पाच तास नुसते उभे होतो. त्याने बसल्या बसल्या दोन झोपा काढल्या. विचारलं, आत काय माल आहे? तर म्हणे, कागदावर लिहिलंय ते."

"पाच तास सावलीत बसून पैसे मिळाले. वाईट काय आहे त्यात?"

"वाईट काही नाही."

"मग?"

ट्विलाने गिअर बदलला. "बावीस वर्षं खोक्यात बंद करून पाठवले मोजे. कोणाच्या पायात गेले देवाला माहीत. इथं कसं, मागून येणाऱ्या गाडीलासुद्धा दिसतं मी काय नेतेय ते. आणि कसं बांधलंय तेही."

"कसं बांधलंय ते दिसतं, हीच तर पंचाईत आहे," हॉइट म्हणाला.

तो उजवा खांदा डाव्या हाताने चोळत होता. तो खांदा आता कानाच्या वर जात नव्हता. साखळ्या पलीकडे फेकून फेकून त्यातलं वंगण संपलं, असं तो म्हणायचा. ट्विला त्याची शेवटची शिकाऊ. तिच्यानंतर तो घरी बसणार होता.

"डब्यातही काही सगळं सोपं नसतं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "आमच्यातला एक जण गेला होता डब्यावर. पहिल्याच दिवशी गाडी रिव्हर्स घेतली, सरळ गोदामाला टेकवली, आणि झोकात खाली उतरला. आतले लोक बघतायत, हा बघतोय. मागची दारं उघडायचीच राहिली होती. जन्मभर उघडी ओढलेली ना, दार असतं हेच डोक्यात नाही."

"कोण हो तो?"

"होता एक गाढव. दोन महिन्यांत परत आला."

ट्विलाने तिरप्या नजरेने पाहिलं. हॉइट खिडकीबाहेर बघत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संध्याकाळी डेकेटरला गाडी उभी करताना तिने दोघांच्या सीटमधल्या पाटीवरचा कागद चाळला. शिकाऊ ड्रायव्हरला काय काय येतं त्याच्या चाळीस ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे हॉइटची सही हवी होती. सगळ्या सह्या असल्याशिवाय कंपनी उघडी हातात देत नसे. एकोणचाळीस ओळींपुढे सह्या होत्या. बाविसावी ओळ कोरी होती. पन्नास मैलांची तपासणी, स्वतः.

"ही राहिली तुमची," ती म्हणाली.

हॉइटने कागद तिच्या हातून घेतला आणि उलटा ठेवला. "राहिली असेल."

गुरुवारी सुट्टी होती. ट्विलाने कपडे धुतले, लीलंडला जेवायला वाढलं, त्याचं म्हणणं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. पण मन त्यात नव्हतं. बावीस वर्षं जोड्या लावलेल्या बाईला एक सुटा मोजा उरला की चैन पडत नाही, आणि आता तिच्यापुढे दोन सुटे मोजे होते. एक, टेनेसीच्या माणसाचं हसणं. दुसरा, बाविसावी ओळ.

नऊ आठवड्यांपूर्वीची पहिली फेरी तिला आठवली, जी ती कधी हिशेबातच धरत नसे. त्या दिवशी हॉइटने करंजी मागवलेली नव्हती. ती थेट साखळ्यांकडे गेली होती आणि पहिल्याच साखळीचा रॅचेट चार खटके खाली आला होता. चार! दुसरी तीन. कारखान्यात एकदा तिच्या हातून चुकीच्या मापांचा गठ्ठा पुढे गेला, तेव्हा साहेबाने सगळ्यांसमोर तिला उभं केलं होतं. ते मोजेच होते. इथे वीस टन लोखंड होतं आणि मागून शाळेच्या बस येत होत्या. ती पायरीवर बसली आणि रडली. मला बस स्टँडवर सोडा, म्हणाली. हॉइटने तिला सांगितलं होतं की लोखंड बसतं, सगळ्यांच्याच साखळ्या सैल होतात. तिला वाटलं म्हातारा समजूत घालतोय. पुढच्या फेरीला तिने जीव तोडून साखळ्या आवळल्या, आणि आठही घट्ट निघाल्या. तेव्हापासून कायमच.

त्या आठ घट्ट साखळ्यांच्या जोरावर तिने लीलंडला तोंड दिलं होतं. मला जमतं, असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना आवाज कापत नसे.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तिने पेंट रॉकला गाडी उभी केली. तोच रस्ता, तेच पत्रे. हॉइटने पेपर उघडला.

"माझी काळी. आणि एक पीचची करंजी."

"गरम तळून," ती म्हणाली आणि उतरली.

मॉझेलबाई सत्तरीच्या होत्या आणि गिऱ्हाइकात म्हातारा असो की पोर, प्रत्येकाला सोन्या म्हणत. त्यांनी करंजी तेलात सोडली. ट्विला काउंटरवर हात टेकून उभी राहिली. तिथून गाडी दिसत नव्हती, मध्ये चिप्सची मांडणी होती. पण तळणीच्या मागे एक लहानशी खिडकी होती आणि मॉझेलबाईंची नजर अधूनमधून तिकडे जात होती.

"मॉझेलबाई, त्या खिडकीतून काय दिसतं?"

"तुमची गाडी दिसते सोन्या. दुसरं काय दिसणार इथे?"

"मी येऊ का तिकडे?"

मॉझेलबाईंनी झारा हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. मग काउंटरची फळी उचलली. "ये. पण मी काही सांगितलं नाही हं तुला."

काचेवर तेलाचा थर होता. पलीकडे हॉइट ट्रेलरपाशी उभा होता. त्याने डाव्या हाताने रॅचेटचा दांडा धरला आणि स्वतःचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. खटका ऐकू येत नव्हता, पण दांड्याबरोबर त्याचं अंग खाली जाताना दिसत होतं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याने उजवा हातही लावला आणि लगेच काढून घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. चष्मा पुसून तो पुढच्या साखळीकडे गेला. आठवी झाल्यावर त्याने लोखंडावर हळूच थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि लंगडत केबिनकडे निघाला.

"त्याला शुगर आहे," मॉझेलबाई मागून म्हणाल्या. "दहा वर्षांत माझ्या दुकानातून गोडाचा कण उचलला नव्हता त्याने. नऊ आठवड्यांपूर्वी येतो आणि विचारतो काय, तर मॉझेल, तुझ्याकडे तळायला सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो? मी म्हटलं, पीचच्या करंजीला. सात मिनिटं. म्हणे, मग तीच."

ट्विलाचे कान तापले. पहिल्यांदा आला तो रागच. आपला पेपर दुसऱ्याने लिहावा, आपण पहिल्या नंबराने पास व्हावं आणि गावभर पेढे वाटावेत, तसं झालं होतं. नऊ आठवडे ती खिडकीखाली उभी राहून "आठही घट्ट" म्हणत होती आणि वर बसलेला माणूस धापा लपवायला पेपर तोंडापुढे धरत होता. लीलंडला ती काय काय बोलली होती! मग तिला तो उजवा हात आठवला, दांड्याला लावून झटक्याने काढून घेतलेला. आठ साखळ्या, आठवड्याला तीन फेऱ्या, नऊ आठवडे. तिने हिशेब करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. इतकं तिच्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं, आईसुद्धा तिच्यावर चिडून मोकळी व्हायची.

"घे, झाली," मॉझेलबाईंनी पुडी बांधून दिली.

ट्विलाने कप पायरीवर ठेवले, हातमोजे घातले आणि आठही साखळ्यांचे दांडे एकेक करून ओढले. एकही चुकवली नाही. मग खिडकीखाली आली.

"आठही घट्ट, मिस्टर हॉइट."

"हं."

"ही तुमची करंजी. खा."

"नंतर खातो."

"गरम आहे."

"गेटवरचा तो..."

"त्याचं पोट बघितलंत का? आज तुम्ही खा. एक घास. मग शुगरची गोळी घ्या."

हॉइटने पेपर खाली केला. त्याच्या कपाळावर अजून घाम होता. तिच्या चेहऱ्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं, मग दुकानाकडे, मग त्या लहानशा खिडकीकडे.

"मॉझेलच्या तोंडात तीळ भिजत नाही," तो म्हणाला.

"त्यांनी काही सांगितलं नाही. मी पाहिलं."

तो हळूहळू खाली उतरला आणि पायरीवर बसला. पुडी मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"तू रडलीस त्या दिवशी," तो म्हणाला. "इथेच. मी सांगत होतो, सगळ्यांचंच सैल होतं, माझंही होतं. तुझ्या कानात शिरेना. म्हटलं, एक-दोन फेऱ्या घट्ट निघू देत, पोरीचा जीव थाऱ्यावर येईल, मग सांगू. तर तू असली खूश झालीस. सगळा रस्ता गाणं म्हणत आलीस, तेसुद्धा बेसूर. मग आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं." त्याने नाक ओढलं. "चुकलं माझं. एकोणतीस वर्षांत तेवीस जणांना शिकवलं, असलं कधी केलं नव्हतं."

"म्हणून बाविसावी ओळ कोरी आहे."

"खोटी सही करत नाही मी. करंजी खोटी मागवतो, ते वेगळं."

ट्विलाला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. "मला येतं की नाही?"

"यार्डात आवळतेस ते उत्तम आवळतेस. रस्त्यावरचं मला ठाऊक नाही. तुलाही नाही. मीच ठाऊक होऊ दिलं नाही तुला." त्याने घड्याळ पाहिलं. "दहाला पाच कमी. त्यांचे अकरा वाजत आले. ऐक माझं, डब्याला हो म्हण. चांगले लोक आहेत, पत्रावरून कळतं. इथं माझी सही झाली नाही तर तुझ्या हातात हेही नाही आणि तेही नाही. पायाखाली काहीतरी पक्कं ठेव."

ट्विला गाडीच्या पुढे गेली आणि तिने फोन लावला. डब्याच्या कंपनीतल्या डेनीसबाईंचा आवाज गोड होता. ट्विलाने पत्राबद्दल त्यांचे आभार मानले, सोमवारच्या ड्रायव्हरचे मानले, त्याने दिलेल्या अर्ध्या सँडविचचेही मानले. आभारच मानतेय म्हटल्यावर डेनीसबाईंना वाटलं बाई येणार, आणि त्या रुजू होण्याची तारीख विचारू लागल्या.

"नाही, मी येत नाहीये," ट्विला म्हणाली.

"अगं बाई! मला इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

ट्विलाने वळून पाहिलं. पायरीवर हॉइट पाठ फिरवून बसला होता, खांदा चोळत. नऊ आठवडे हा माणूस आपल्यासाठी त्या खांद्यावर लटकला, आणि त्यातून आपण शिकलो काय, तर सावलीत बसायला? तसं तिला करवेना. जमलं नाही तर जमलं नाही, पण ते आपल्या हाताला कळून तरी घरी जायचं.

"लिहा, साखळ्या तपासायच्या राहिल्यात."

"साखळ्या?"

"हो. तुमच्या ड्रायव्हरांना कळेल."

चटॅनूगाला पत्रे उतरवले. गेटवरच्या पहारेकऱ्याचा हात रिकामाच मागे गेला आणि त्याचा चेहरा पडला. परतीला पुलाच्या कामाच्या लोखंडी तुळया होत्या. ट्विलाने त्या आठ साखळ्यांनी बांधल्या. हॉइट खिशात हात घालून लांब उभा राहिला. पंचेचाळिसाव्या मैलावर एक पेट्रोल पंप लागला. तिने गाडी आत घेतली, हातब्रेक ओढला आणि नेहमीच्या सवयीने पाकिटाकडे हात नेला.

"तू बस," हॉइट म्हणाला. "कॉफी मी आणतो."

तो खाली उतरला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"तू कशी घेतेस?"

नऊ आठवड्यांत त्याला हे कळायची वेळच आली नव्हती. "दूध, आणि दोन साखरा."

तो लंगडत आत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. काउंटरला टेकून, रस्त्याकडे पाठ करून तो उभा होता, आणि तिथून जराही हलला नाही.

ट्विलाने हातमोजे घातले. पहिल्या रॅचेटचा दांडा धरला, पाय रोवले आणि ओढला.

खट्.

तिने पुन्हा ओढला. खट्. पुन्हा. तीन खटके आले आणि चौथ्याला दांडा थांबला, अगदी दगडासारखा. तिने दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. हलेना.

"सैल निघाली!" ती मोठ्यांदा म्हणाली. पलीकडे पेट्रोल भरणारी एक म्हातारी चपापून तिच्याकडे बघायला लागली. "सैल निघाली हो!"

दुसरीला दोन. तिसरीला तीन. चौथी पाचवी अवघड होत्या, दंड भरून आले आणि पाचवीला तिला ट्रेलरच्या चाकावर पाय द्यावा लागला, पण तिथेही शेवटी दांडा थांबला आणि थांबलेलाच राहिला. सहावीला दोन. सातवीला चार, अगदी पहिल्या दिवसासारखे चार, आणि या वेळी तिला रडू आलं नाही, हसू आलं. आठवीनंतर तिने हातमोजे काढले. तळहात लालभडक झाले होते. तिने ते पँटला पुसले आणि तुळयांवर टेकवले. लोखंड उन्हाने तापलं होतं, तरी तिने हात काढून घेतले नाहीत. त्या वेळी तिला देवाचे, मॉझेलबाईंचे, टेनेसीच्या ढेरपोट्याचे आणि लीलंडचेसुद्धा आभार मानावेसे वाटले.

हॉइट दोन कप घेऊन आला. दोन कप कॉफीला एवढा वेळ लागत नाही.

"किती?"

"तीन, दोन, तीन, एक, तीन, दोन, चार, एक."

"सातवी पुन्हा बघितलीस?"

"दोनदा."

तो ट्रेलरच्या बाजूने सावकाश चालत शेवटपर्यंत गेला आणि परत आला. हात खिशातच होते, एकाही साखळीला त्याने बोट लावलं नाही. मग केबिनमध्ये चढून पाटी घेतली, कागद सरळ केला, आणि बराच वेळ पेन शोधत राहिला. पेन त्याच्या कानावर होतं. ट्विलाने सांगितलं नाही.

सही करून त्याने पाटी तिच्याकडे दिली. ओळीपुढे सही होती, तारीख होती, आणि जागा नसताना बारीक अक्षरात आठही आकडे लिहिलेले होते.

"चल," तो म्हणाला. "कॉफी निवतेय."

ट्विलाने घोट घेतला. म्हाताऱ्याने दोनाच्या जागी पाच साखरा घातल्या असाव्यात. तिने कप तळापर्यंत संपवला आणि गाडी सुरू केली.